ओल आणि ऊन

अंधेरी, ३१ जानेवारी १९५४, रविवार

माणिकच्या दंडातली गाठ काल कापून तपासायला दिली होती, तिचा निकाल आज डॉ. वनमाला कीर्तने स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. गाठ चरबीची नाही. आत पट्टकृमीची अळी आहे, पाण्याच्या इवल्याशा पिशवीत बसलेली. तशाच अळ्या मेंदूत असणार. दिवाळीपासून माणिकला फिट्स येतात त्या ह्यामुळे.

सासूबाई एकदम म्हणाल्या, "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो! सात पिढ्यांत कुणी मांसाला शिवलं नाही."

"त्याचा इथे संबंध नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "डुकराचं मांस कच्चं राहिलं आणि खाल्लं, तर आतड्यात कृमी होतो. तो माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला काही कळतही नाही. पण त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती अंडी दुसऱ्याच्या पोटात गेली की अळ्या अंगभर जातात. तो दुसरा शाकाहारी का असेना."

सासूबाई उठून देवघरात गेल्या. हे खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते, शेवटपर्यंत वळले नाहीत. बहिणीवर फार जीव आहे ह्यांचा.

माणिक एकोणीस वर्षांची आहे, इंटरला बसायची आहे. तिने एवढंच विचारलं, "अळ्या काढता येतात?" बाई म्हणाल्या, नाही. औषधाने फिट्स आवरता येतात. अळ्या आपोआप मरतील, वेळ लागेल.

मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. वर्षानुवर्षं मुलांना हाच कृमी बाटलीतला दाखवते, आकृती काढायला लावते. आज तोच घरात आला.

३ फेब्रुवारी, बुधवार

अंडी आली कुठून, हे मला सापडल्यासारखं वाटतं.

आमच्या इमारतीमागे नाल्याच्या पलीकडे लवूची भाजीची वाडी आहे. लवू आणि रुक्मिणी, वेंगुर्ल्याकडचे. कोथिंबीर, मुळा, पालक. खत कसलं घालतो तर सोनखत. पाणी नाल्याचं. आणि त्याच्या कोथिंबिरीशिवाय आमची कोशिंबीर होत नाही. कोशिंबीर खातात हे आणि माणिक. सासूबाईंना दात नाहीत, मला कच्चं पचत नाही. म्हणजे सगळं जुळलं.

तळमजल्यावरच्या दिघेकाकांना सांगितलं. माणिकचं नाव घेतलं नाही, नुसतं रोगाचं बोलले. श्यामकांत दिघे म्हणजे इमारतीचे स्वयंनियुक्त पुढारी. लगेच कागद काढला. "तुम्ही लिहा, तुमची भाषा शास्त्रीय. सह्या मी आणतो. म्युनिसिपालिटीकडून ती वाडीच उठवू."

मी लिहिलं. 'मानवी विष्ठेचा खत म्हणून वापर होत असल्याने' वगैरे. चांगलं उतरलं. ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "बरोबर आहे. लवकर पाठव."

७ फेब्रुवारी, रविवार

आता घरात काही कच्चं येणार नाही, असं मी जाहीर केलं. ह्यांचा चेहरा उतरला. रविवारची कोशिंबीर ही ह्यांची खास कामगिरी. स्वतः खोबरं खवणार, लिंबू पिळणार आणि सगळं हाताने कालवणार. चमच्याने चव मरते म्हणे. तर तडजोड झाली: काकडी, मुळा, कोथिंबीर मी आधी उकळत्या पाण्यात काढीन, मग ह्यांनी कालवावं.

माणिक हसली. "दादाची मऊ कोशिंबीर!" तरी दोनदा घेतली.

ह्यांना हल्ली भूक फार. जेवून उठले की थोड्या वेळाने फळीवरचे डबे हुडकतात. तरी सदरे सैल झालेत. सासूबाई म्हणतात, बहिणीच्या काळजीने झिजतोय. काल शनिवार, नेहमीसारखे मरोळला पास्कोलकडे मोटारसायकल दुरुस्त करायला गेले होते. कारखान्यातला मित्र, ह्यांचं तिथे मन रमतं. आले ते बडीशेप चघळत, सरळ न्हाणीत गेले. म्हटलं, जाऊ दे. सध्या प्रत्येकाला कुठेतरी थोडा विसावा हवा.

११ फेब्रुवारी, गुरुवार

म्युनिसिपालिटीचा आरोग्य इन्स्पेक्टर आला होता. तरुण आहे, मोकळा बोलतो. म्हणाला, "बाई, अर्ज झकास आहे. पण वरचे विचारतील, मातीत पडलेली अंडी जगतात किती? आपल्याकडे एवढं ऊन. वाळून मरत असतील तर त्या माणसाचं पोट का मारायचं?"

पुस्तकात थंड मुलखांचे आकडे आहेत. अंधेरीच्या उन्हाचं कुणी लिहिलेलं नाही.

संध्याकाळी डॉ. कीर्तनेंच्या दवाखान्यात गेले. म्हटलं, मीच शोधते. त्यांनी माझे हात पुढे करायला लावून नखं पाहिली. मग म्हणाल्या, "एका रोग्याचा कृमी पाडलाय, पट्टे ठेवलेत. अंडी देते. पण सुलक्षणा, एक अंडं नखात राहिलं तर तूही माणिकच्या पंगतीत बसशील. हात घासायचे, नखं मुळापासून कापायची आणि यातलं काहीही घरी न्यायचं नाही."

"आणि अंडं जिवंत आहे हे ओळखायचं कसं?"

"बघून नाही ओळखता येत. मेलेलं आणि जिवंत दिसायला एकच. त्याला पोटात गेल्याचा भास करून द्यायचा. आधी पेप्सिन आणि आम्ल, मग स्वादुपिंडाचा रस आणि पित्त, अंगाच्या उबेइतकं गरम. जिवंत असेल तर आतला जीव आपले हुकासारखे सहा आकडे हलवील."

नखं कापून टाकली आहेत.

१५ फेब्रुवारी, सोमवार

बाजारात खाटकाकडून बकऱ्याचं पित्त आणलं. पदराने नाक झाकून उभी राहिले होते. त्याने विचारलं, "कावीळ झालीय का कुणाला?" हो म्हटलं.

कॉलेजच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या. एकीत कोरडी माती, भर उन्हात. एकीत ओली माती, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. एक बरणी नाल्याच्या पाण्याची. एका ओल्या फडक्यात कोथिंबीर, भाजीवाल्या गुंडाळून ठेवतात तशी. आणि एक जुडी नुसती वाळत टाकली. सगळ्यांत बाईंनी दिलेल्या बाटलीतली अंडी सोडली. भोवती तारेची जाळी, वर पाटी: हात लावू नये. प्राचार्य येऊन म्हणाले, "कसली लागवड?" म्हटलं, "कृमींची." परत आले नाहीत.

२० फेब्रुवारी, शनिवार

माणिकला आज फिट आली. जिभेला दात लागला. हे नुकतेच मरोळला निघाले होते, जिन्यातून परत आले, दारात उभे राहिले आणि तसेच निघून गेले. मला राग आला. मग वाटलं, बघवत नसेल.

ठाण्याच्या स्थळाकडून निरोप आहे, परीक्षा झाली की मुलगी बघायला येतो. सासूबाई म्हणतात, तोवर औषधाने बरी होईल, कुणाला काही बोलायचं नाही.

१ मार्च, सोमवार

पहिले निकाल लागले.

उन्हातली कोरडी माती: सगळी मेलेली. पुन्हा पुन्हा पाहिलं, एकही आकडा हलला नाही. वाळलेली जुडी: तीच गत. सावलीतली ओली माती: जिवंत, अगदी ताजी असल्यासारखी. नाल्याचं पाणी: जिवंत. ओलं फडकं: जिवंत. नंतर थोडी लाल औषधाच्या, म्हणजे परमँगनेटच्या, पाण्यात बुडवून ठेवली होती तीसुद्धा जिवंत! आणि आपण सगळ्या बायका त्यात भाजी बुडवून निर्धास्त होतो. उकळत्या पाण्यातून काढलेली मात्र पार मेली.

थोडक्यात, ऊन मारतं, ओल जपते. मग लवूच्या वाडीत काय आहे? ऊनही आहे, ओलही. म्हणून तिथली माती आणि कोथिंबीर आणून धुतलेलं पाणी निवळत ठेवलं, खालचा गाळ पाहिला. गोल जंतांची अंडी दिसली, पुष्कळ. पट्टकृमीचं एकही नाही. उद्या परत आणीन.

नमुने घेताना लवू आडवा आला. अर्जाचं त्याला कळलंय. भांडेल असं वाटलं होतं.

"वयनी, माजा काय चुकला ता माका सांगा. मी तसा करतंय. पन वाडी गेली तर आमी खय जावचा?"

रुक्मिणी मागे मुळ्याच्या पेंढ्या बांधत होती, तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. खोटं बोलले. दिघेकाकांनी कधीच ठरवलंय.

८ मार्च, सोमवार

वाडीचे नमुने आठवडाभर पाहिले. पट्टकृमी नाहीच.

लिंबाच्या आंबटाने अंडी मरतात का तेही पाहावं म्हणून काल कोशिंबीर उरली ती डबीत घालून कॉलेजात नेली. आधी नुसतीच धुऊन गाळ पाहिला, तुलनेला. आणि त्यात एक अंडं. तपकिरी, जाड कवच, कडेने रेघा. चुकायची शक्यता नाही.

मी स्टुलावरून उठले आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले.

भाजी मी स्वतः उकळत्या पाण्यातून काढली होती. वाडीत अंडी नाहीत. मग हे कुठून? माझ्याच हातून? मीच बाटलीतून घरी आणलं?

१० मार्च, बुधवार

जेवण जात नाही. बाईंनी बजावलं होतं. मी ठरवलंय, रविवारपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही. लुगडी उकळून घेतली. स्वयंपाक सासूबाईंना करायला सांगितला, कारण सांगितलं नाही. त्यांना वाटलं, पाळी आली असेल.

माणिक म्हणाली, "वहिनी, तू का झुरतेस? तुझा काय दोष?"

१५ मार्च, सोमवार

काल नीट केलं. भांडी, सुरी, खवणी, सगळं उकळलं. भाजी उकळत्या पाण्यातून काढून सासूबाईंनी चिरली. चिरलेली थोडी मी एका डबीत काढून घेतली. मग ह्यांनी नेहमीसारखी कालवली. पानं वाढायच्या आधी तीही थोडी दुसऱ्या डबीत घेतली. माणिकच्या पानात मात्र कोशिंबीर वाढू दिली नाही. सांगितलं, तुझ्या औषधाला आंबट चालत नाही. हे म्हणाले, "हे आणि कधीपासून?"

आज दोन्ही पाहिल्या. पहिली स्वच्छ. दुसरीत दोन अंडी.

म्हणजे माझा हात नाही, भाजी नाही. मधे गेलं ते लिंबू, मीठ, साखर, खोबरं. लिंबाची साल कुणी धुतली नव्हती का? नारळ कुठून आणला? बाजारातल्या लिंबांचा उद्या तपास करते.

१६ मार्च, मंगळवार

लिंबं आणली, धुतली, पाहिली. काही नाही. नारळाचंही तेच.

वर्गात आज मुलांना आकृती काढायला लावली होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कृमी असलेल्या माणसाला भूक फार लागते ना?" मी म्हटलं, काहींना लागते. काही बारीक होतात. काहींना काहीच होत नाही. आणि बोलता बोलता मला फळीवरचे डबे आठवले, सैल सदरे आठवले.

हात. चमच्याने चव मरते.

१७ मार्च, बुधवार

हे कारखान्यातून आले तसे त्यांना गच्चीवर नेलं. खाली माणिक वाचत बसली होती. दोन्ही डब्यांचं सांगितलं. आवाज चढवला नाही.

हे भडकले. "माझ्यावर प्रयोग करतेस? माझ्या घरात?"

"मरोळला काय खाता तुम्ही?"

"तुला काय करायचंय?"

"अहो, मला तुमचा धर्म बुडाला की नाही ह्याच्याशी काही कर्तव्य नाही. तुमची बहीण जीभ चावतेय."

हे कठड्यावर बसले. मग सगळं आलं. चार वर्षं झाली. पास्कोलची आई डुकराचं मांस तासन्‌तास शिजवते. पण मित्रमंडळी अंगणात निखाऱ्यावर तुकडे भाजतात, आणि ह्यांना धीर नसतो, वरून भाजलं की उचलायचं. शौचाला पांढऱ्या फितीसारखं काही पडतं, दोन वर्षांपासून. लाजेने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला सांगितलं तर आईला कळेल.

"आणि वनमालाबाई त्या दिवशी बोलल्या तेव्हा?"

ह्यांनी तोंड झाकून घेतलं. "तेव्हाच शंका आली. पण तू अर्जात लवूचं नाव घातलंस ना, तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, सुलू!"

मलाही बरंच वाटलं होतं. शत्रू नाल्याच्या पलीकडे होता.

मग सांगितलं: उद्या दवाखान्यात जायचं. तोवर घरातल्या कुठल्याही खाण्याला हात लावायचा नाही. आणि माणिकला तुम्ही सांगायचं. मी नाही.

२० मार्च, शनिवार

आधी जुलाब, मग नेच्याच्या मुळाचा अर्क, मग परत जुलाब. बाईंनी बजावलं होतं, ओकारी येता कामा नये, नाहीतर अंडी उलटी जठरात येतील आणि ह्यांनाही अळ्या होतील. हे खाटेची कड धरून पडून राहिले, घामाने चिंब, पण ओकले नाहीत. कृमी पडला, डोक्यासकट. बाईंनी भिंगाखाली धरून मला दाखवलं, आकड्यांची दोन वलयं. ह्यांच्या आत राहिलेल्या त्या प्राण्याकडे मी डेमॉन्स्ट्रेटरच्या नजरेने बघू शकले याचं मलाच नवल वाटलं.

"पास्कोलकडच्यांनाही तपासायला हवं," बाई म्हणाल्या. हे म्हणाले, "मी सांगतो. माझ्याबरोबर बसून खाणारे सगळे मला ठाऊक आहेत."

सासूबाईंना सांगितलं आहे की अपचन झालंय.

२४ मार्च, बुधवार

ह्यांनी माणिकला सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, दार लोटलेलं. मग ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "लवूच्या वाडीचं काय झालं?"

पहिला प्रश्न हा. मला वाटलं होतं, रडेल, भावाला काहीतरी बोलेल.

"सोमवारी इन्स्पेक्टर निकाल द्यायला येतोय."

"मग तुझा अर्ज मागे घे."

"कारण विचारतील, माणिक. ठाण्याचं स्थळ आहे. आई आहेत."

"कारण सांगावंच लागेल. नुसतं 'तपासलं, काही नाही' म्हणालीस तर दिघेकाका ऐकतील? त्यांनी पस्तीस घरं हिंडून सह्या घेतल्यात."

भावाशी ती अजून बोललेली नाही. पण रात्रीचं त्याचं ताट तिनेच वाढलं.

२९ मार्च, सोमवार

वाडीच्या कडेला सगळी इमारत जमली होती. इन्स्पेक्टर, दिघेकाका, लवू डोक्याचं फडकं हातात घेऊन. मी निकाल वाचले. उन्हात काय होतं, ओलीत काय होतं, उकळल्याने काय होतं. शेवटी म्हटलं, "या वाडीत मला पट्टकृमीचं एकही अंडं मिळालं नाही. मी अर्ज मागे घेते."

"वा!" दिघेकाका म्हणाले. "आधी आग लावायची, मग बादली घेऊन धावायचं! आम्ही चांगले मटण-मासे खाणारे, आम्हाला काही होत नाही, आणि तुम्हा शुद्ध शाकाहारी आगाशांच्या शेजारी रोग येतो. भाजीतून नाही तर कशातून? लागण कुठून आली ते सांगा ना!"

मी लोकांकडे पाहिलं. सासूबाई आमच्या गॅलरीत उभ्या होत्या. ह्यांनी घसा खाकरला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि तिथेच अडले.

तेवढ्यात माणिक मधे आली. पोलक्याची बाही वर सारून दंडावरचा टाक्यांचा व्रण सगळ्यांना दाखवला.

"मला फिट्स येतात. हा रोग मला आहे. लागण आमच्या घरातूनच झाली. लवूदादाच्या भाजीतून नाही. अजून काही विचारायचंय, काका?"

मग हे म्हणाले, "माझ्यापासून झाली." हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

दिघेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग... तसं असेल तर..."

इन्स्पेक्टरला मी हेही सांगितलं की लवूचं सगळं बरोबर आहे असं नाही. गोल जंत आहेत. खताचा ढीग पुरा कुजून, तापून, वाळल्याशिवाय घालू नये. नाल्याचं पाणी पानांवर शिंपडू नये. लवू लगेच म्हणाला, "इतक्याच? आदीच सांगूचा होता!" रुक्मिणी मात्र माझ्याशी बोलली नाही. मुळे उचलून आत निघून गेली. तिचा हक्कच आहे तो.

घरी आलो. सासूबाईंनी देवघराचं दार आतून लावून घेतलं होतं. ह्यांनी दाराबाहेर बसूनच मरोळचं सगळं त्यांना सांगितलं.

५ एप्रिल, सोमवार

ठाण्याहून पोस्टकार्ड आलं. योग नाही म्हणे. सासूबाईंनी ते वाचून माणिकच्या हातात दिलं आणि आठवड्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी बोलल्या: "मरोळला जाऊन त्या बाईला सांगितलंस का रे? तिच्याही घरात पोरं असतील." सांगितलं होतं. पास्कोलची आई ह्यांनाच ओरडली, तुला सांगत होते, शिजू दे म्हणून. सगळे तपासून घ्यायला तयार आहेत.

माणिकच्या उशाशी औषधाची बाटली आणि तर्कशास्त्राचं पुस्तक. वनमालाबाई म्हणाल्या, परीक्षेची दगदग नको, पुढच्या वर्षी बस. माणिक म्हणाली, "अळ्या मरेपर्यंत मी काय थांबू?"

मी तिच्या बाजूने बोलले. बरोबर केलं की चूक, माहीत नाही.

१३ एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या पेपरला तिला फिट आली. हे फाटकाबाहेर दिवसभर बसून होते, कुणीतरी येऊन सांगितलं तसे आत धावले. ह्या वेळी दारात थांबले नाहीत. बाकावरून उतरवून तिला कुशीवर वळवलं, रुमाल धरला, डोकं मांडीवर घेतलं. वर्गातली मुलं लिहायची थांबली होती.

शुद्धीवर आल्यावर तिने भावाकडे पाहिलं. मग सुपरवायझरकडे वळून विचारलं, "किती वेळ राहिलाय?"

अर्धा तास होता. म्हणाली, "दादा, हात दे." त्याच्या हाताला धरून उठली, बाकावर बसली आणि उरलेला प्रश्न सोडवायला घेतला.